प्रमाणपत्र खरं, तरी लग्न पुन्हा लावावं लागलं

लग्न पुण्यात झालंय, नवरा अमेरिकेचा नागरिक आहे आणि आता बायकोला तिकडे न्यायचंय, अशी जोडपी माझ्या शिवाजीनगरच्या ऑफिसात नेहमी येतात. बहुतेकांची मागणी एकच असते : "मॅडम, मॅरेज सर्टिफिकेटला अपॉस्टिल करून द्या." अपॉस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर लावला जाणारा सरकारी शिक्का. मग मी समजावून सांगते, की बायकोला तिकडे नेण्यासाठी नवऱ्याने भरायच्या आय-१३० अर्जाला अपॉस्टिल लागत नाही. प्रमाणपत्राची स्पष्ट प्रत पुरते. मजकूर फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं, आणि 'भाषांतर पूर्ण व अचूक आहे, दोन्ही भाषा मला येतात' असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. शिक्क्यावर आणखी एक शिक्का मारला की कागद पक्का होतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे.

ज्या प्रकरणाबद्दल लिहितेय तेही अपॉस्टिलसाठीच आलं होतं. मुलगी, तिचे वडील आणि आई आले होते. नावगाव सांगत नाही. मुलाचं हे दुसरं लग्न, पहिला घटस्फोट कॅलिफोर्नियात झालेला. लग्न डिसेंबरमध्ये, डी. पी. रोडवरच्या कार्यालयात, दोन्हीकडची मंडळी जमवून, सप्तपदीसकट झालं होतं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात रीतसर नोंदणी झाली होती. मुलाने अर्ज भरला, आणि काही महिन्यांनी इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं : पहिलं लग्न कायदेशीररीत्या संपल्याचा पुरावा पाठवा. वडिलांना वाटलं, प्रमाणपत्रावर विश्वास बसलेला दिसत नाही, म्हणून ते अपॉस्टिलला आले.

मी घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला. त्यांच्याकडे तो फोनवर होता, मी प्रिंट काढली. डाव्या हाताला लग्नाचं प्रमाणपत्र ठेवलं, उजव्या हाताला हुकूमनामा. वर कोर्टाचा नोव्हेंबरचा शिक्का होता. त्याच शिक्क्यावर सगळे निर्धास्त राहिले होते. पण खाली एक चौकट असते. वैवाहिक दर्जा कोणत्या तारखेला संपतो, हे तिथे लिहिलेलं असतं. तिथली तारीख जानेवारीच्या मध्यावरची होती.

कॅलिफोर्नियात समन्स बजावल्यापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत वैवाहिक दर्जा संपत नाही. न्यायाधीश त्याआधी सही करू शकतात, पोटगीचे आणि मालमत्तेचे प्रश्न मिटू शकतात, तरी त्या तारखेपर्यंत दोघं कायद्याने नवरा-बायकोच असतात. याला जुलैमध्ये समन्स बजावलं होतं. सहीची तारीख आणि लागू होण्याची तारीख यांच्या मधल्या काळात त्याने पुण्यात अक्षता टाकून घेतल्या होत्या.

मी दोन्ही कागद पुन्हा वाचले. चूक दिसावी, म्हणजे माझ्याच वाचण्यात काही चूक निघावी, असं मनापासून वाटत होतं. निघाली नाही. मुलीला म्हटलं, "यांना आत्ता व्हिडिओ कॉल लावता येईल का?" पुण्यात सकाळ होती, तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. तो लगेच आला. मी ती ओळ वाचून दाखवली. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पण मॅडम, जजनी सही तर केली होती ना? वकिलाचा मेलही आला होता, जजमेंट एंटर झालं म्हणून." तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ५ मध्ये पहिली अट हीच आहे, की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात असता कामा नये. ती अट मोडली तर कलम ११ प्रमाणे लग्न शून्य ठरतं. नंतर जानेवारी उजाडला म्हणून ते आपोआप वैध होत नाही. आणि अमेरिकेचं इमिग्रेशन खातं साधारणपणे एवढंच बघतं, की लग्न जिथे लागलं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का. म्हणजे सगळा प्रश्न फिरून पुण्याच्या लग्नावरच येऊन थांबला.

"पण सर्टिफिकेट तर सरकारनेच दिलंय," वडील म्हणाले. त्यांचं म्हणणं कुणालाही पटावं असंच होतं. पण नोंदणी म्हणजे नोंद. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी लागलेलं लग्न रजिस्टरमध्ये नोंदवलं, असं ते प्रमाणपत्र सांगतं. विवाह नोंदणी सक्तीची करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या खटल्यात सांगितलं. त्याच निकालात हेही म्हटलंय, की नोंदणी हा चांगला पुरावा असला तरी लग्नाची वैधता केवळ नोंदणीने ठरत नाही. २०२४ मध्ये याच न्यायालयाने आणखी एका प्रकरणात स्पष्ट केलं, की हिंदू लग्नाचे विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. विधी सगळे झाले होते, लग्न करण्याची मोकळीक मात्र अजून मिळालेली नव्हती.

मुलीची आई तोवर गप्प बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग इतके महिने माझी मुलगी कोण होती?" मी फाइल मिटून बाजूला ठेवली. म्हटलं, "ताई, तिने काहीही चूक केलेली नाही. ती मनापासून, चार लोकांसमोर लग्न करून गेली आहे. कायद्यात एक जागा रिकामी राहिलीय, ती आपण भरू." त्यांचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही.

मग वडिलांनी वेगळा मार्ग काढला. ओळखीतून जुनं प्रमाणपत्र रद्द करून फेब्रुवारीची तारीख टाकून घ्यायची. गुरुजी सही देतील, दोन साक्षीदार घरचेच आहेत, पत्रिकेचं कोण बघतंय? माणूस वाईट नव्हता. मुलीचा संसार वाचवायला निघालेला बाप होता. तरी मी त्यांना जेवढं कडक बोलता येईल तेवढं बोलले. अमेरिकी कायद्यात खोट्या माहितीवर व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केला तर माणूस कायमचा अपात्र ठरतो. माफीचा अर्ज करता येतो, पण तो मिळवणं कठीण, आणि संशयाची नोंद पुढच्या प्रत्येक फाइलवर राहते. आज ही प्रामाणिक चूक आहे, ती दुरुस्त होते. खोटी तारीख टाकली की तो गुन्हा झाला, आणि त्यात मुलगीही अडकली. डिसेंबरच्या लग्नाचे फोटो पन्नास जणांच्या फोनमध्ये होते, पहिला अर्ज डिसेंबरच्या तारखेनेच खात्यात पोचला होता, हे वेगळंच. कॉलवरून मुलगा म्हणाला, "बाबा, नको. जे झालं ते लिहून देऊ." मला त्याचा फार आदर वाटला.

पुढचा मार्ग मी विशेष विवाह कायदा, १९५४ चा सुचवला. पुन्हा विधी करून पुन्हा महापालिकेत नोंद करता आली असती. पण तिथे या दोघांची डिसेंबरची नोंद आधीच होती, आणि मला तारखांचा गुंता आणखी वाढवायचा नव्हता. विशेष विवाहात लग्न अधिकाऱ्यासमोरच लागतं आणि कलम १३ प्रमाणे ते लग्न झाल्याचा निर्णायक पुरावा म्हणजे त्याचं प्रमाणपत्र. मुलगी पुण्याची रहिवासी असल्याने जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्याची अट तिच्याकडून पुरी होत होती. नोटीस लागल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. मुलगा पुण्याला येऊन आईवडिलांकडे राहिला आणि रात्री जागून तिकडच्या ऑफिसचं काम करत राहिला. नोटिशीसोबत हुकूमनाम्याची प्रत दिली तेव्हा त्या जानेवारीच्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली होती.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार आले. मुलीची मावशी, मुलीचे वडील आणि मुलाचा मित्र. कायद्यात ठरलेलं वाक्य आहे, आणि ते दोघांना कळणाऱ्या भाषेत म्हणता येतं. त्याने मराठीतच म्हटलं, "मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो." 'कायदेशीर' या शब्दाला तो क्षणभर थांबला. वडिलांनी रजिस्टरमध्ये सही केली ती इतक्या सावकाश, की कारकुनाने मान वर करून पाहिलं.

तिकडच्या वकिलाने पहिला अर्ज मागे घेतला. त्याची फी गेली. नव्या अर्जासोबत नवं प्रमाणपत्र, हुकूमनामा आणि दोघांच्या सहीचं एक निवेदन जोडलं. डिसेंबरमध्ये विधी झाले, तेव्हा घटस्फोट लागू व्हायचा होता, कळल्यावर पुन्हा लग्न केलं, एवढंच त्यात होतं. डिसेंबरचे फोटोही लपवले नाहीत. दोघांचं नातं खरं आहे, याचा तोच सगळ्यात चांगला पुरावा होता.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली. अधिकाऱ्याने दोन तारखा का, असं विचारलं. तिने निवेदनात होतं तेच तोंडी सांगितलं. मग नवऱ्याचं काम काय, तुम्ही भेटलात कसे, असे नेहमीचे प्रश्न झाले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. लग्नाला दोन वर्षं व्हायची असल्याने तिला सशर्त ग्रीन कार्ड मिळालं. त्या अटी काढायचा अर्ज कार्डाची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत करायचा असतो. ती तारीख मी तिच्या वडिलांना तेव्हाच लिहून दिली आणि त्यांनी ती माझ्यासमोरच घरच्या कॅलेंडरसाठी टिपून घेतली.