दीड टीच

"रंधा बिघडलाय," बाबांनी पाच मिनिटांत निकाल दिला.

रंधा ठणठणीत होता. पण सांगलीत आयुष्यभर बाबांनी रंधा पुढे ढकलला, आणि जपानी रंधा, म्हणजे कन्ना, आपल्याकडे ओढायचा असतो. करवतीचंही तेच, ती ओढताना कापते. हे सांगितल्यावर ते आधी माझ्याकडे, मग हातातल्या रंध्याकडे आणि मग खिडकीबाहेरच्या निशी-कासाईकडे, तोक्योतल्या आमच्या वस्तीकडे, बघत राहिले. एवढा शिकलेला देश, आणि सुतारकामात असा कसा वागतो, असा चेहरा.

जून महिना, तोक्योतला पाऊस. आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता पिरपिरतो. बाबांचं फिरणं बंद, वर्तमानपत्र वाचता येत नाही, टीव्हीवर फक्त सुमो कळतो. घरात माणूस आंबायला लागला म्हणून मी लाकडी चॉपस्टिक घडवायचं सामान आणलं. खोक्यात हिनोकीच्या, म्हणजे जपानी सायप्रसच्या, चार चौकोनी पट्ट्या, एक खाचेचा ठोकळा, मूठभर आकाराचा रंधा आणि पॉलिश पेपरचे दोन तुकडे. बाबांना लाकडाची हौस आहे. आमच्या सांगलीच्या घरातलं चपलांचं कपाट त्यांनीच केलेलं, त्याचं एक दार आजही हिसका दिल्याशिवाय उघडत नाही.

आधी माप. दुकानात पुरुषांची साधारण २३ सेंटिमीटरची आणि बायकांची २१ सेंटिमीटरची मिळते, पण जुना हिशोब हाताचा. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची, दोन्ही टोकांमधलं अंतर म्हणजे एक 'आता', आणि त्याची दीडपट म्हणजे आपल्या हाताची चॉपस्टिक. जपानीत हाताच्या मापाला 'आता' म्हणतात हे ऐकून बाबा हसले, पण माप त्यांना लगेच पटलं. "म्हणजे टीच! दीड टीच!" ते म्हणाले. मी टीचभर पोट, टीचभर जागा एवढंच ऐकलं होतं. अंगठा आणि करंगळी म्हणजे वीत, अंगठा आणि तर्जनी म्हणजे टीच, हे मला वयाच्या चाळिशीत तोक्योत बसून कळलं. बाबांची टीच भरली सोळा सेंटिमीटर. त्यांची काठी चोवीस, माझी एकवीस.

आता तो ठोकळा. त्याच्यात एक उतरती खाच असते. एका टोकाला ती खोल, दुसऱ्या टोकाला उथळ. पट्टी त्यात ठेवली की टोकाकडची बाजू ठोकळ्याच्या वर डोकावते. जेवढी डोकावते तेवढी रंध्याने काढायची, रंधा ठोकळ्यावर घासायला लागला की थांबायचं, पट्टी वळवायची आणि पुढची बाजू घ्यायची. चारही बाजू झाल्या की बोटाकडे जाड आणि तोंडाकडे निमुळती काठी तयार. ऐकायला पोरखेळ. प्रत्यक्षात माझ्या पहिल्या पट्टीच्या टोकाला रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट गेला आणि एक कपचीच उडाली. बाबांनी ती उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "रेषा कुठे धावतात ते आधी बघायचं. लाकडाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." मग त्यांनी रंधा ओढला. दोनदा अडला, तिसऱ्यांदा लाकडातून एक अखंड कुरळी साल निघाली, इतकी पातळ की तिच्यातून त्यांचं बोट दिसत होतं. खोलीभर हिनोकीचा वास, थोडा लिंबाच्या सालीचा, थोडा कापराचा. इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नव्याने बांधतात ते याच लाकडाचं. बाबांनी ती साल पाकिटात ठेवली. अजून असेल.

पॉलिश पेपरचा कंटाळा मी इथे सांगत नाही. आधी २४० नंबर, मग ४००, आणि बोटांचे ठसे जाईपर्यंत घासणं. टोकं मात्र फार गुळगुळीत करू नयेत, नाहीतर उडीद डाळीच्या पापडासारखा पदार्थही सुटून पळतो.

खरी बैठक लांबली ती सजावटीपाशी. जपानात चॉपस्टिकवरचं सगळ्यात देखणं काम फुकुई प्रांतातल्या ओबामा गावचं, वाकासा-नुरी. (हो, ओबामा. त्या गावानं बराक ओबामांना आपल्या चॉपस्टिक भेटही पाठवल्या होत्या.) काठीवर शिंपल्याचे आणि अंड्याच्या टरफलाचे बारीक तुकडे चिकटवतात, त्यांच्यावर रंगीत लाखेचे थरांवर थर चढवतात, आणि सगळं झाकून गेलं की घासायला घेतात. घासता घासता आतले शिंपले वर येतात, समुद्राचा तळ दिसावा तसे. म्हणजे नक्षी काढायची नाही, पुरून ठेवायची आणि मग उकरायची. बाबा म्हणाले, आपण करू. अंडी होती, वेळ होता. लाख नव्हती, आणि ती आणायला मी नकार दिला. ही लाख म्हणजे उरुशी, झाडाचा चीक, आणि ओला असताना अंगाला लागला तर भयंकर पुरळ उठतं. ते झाड आंब्याच्याच कुळातलं, काजू आणि बिब्बाही त्याच घरातले. बिब्ब्याचं नाव निघाल्याबरोबर बाबांनी हात मागे घेतला. लहानपणी धोब्याची नक्कल करत त्यांनी सदऱ्यावर बिब्ब्याने खूण केली होती. सदऱ्यावर खूण राहिली ती राहिलीच, पण बिब्बा उतून हात आठवडाभर सुजलेला. उरुशीचा विषय तिथेच संपला.

मग साधा मार्ग. तोंडात जाणारा खालचा भाग कोरा ठेवायचा, तिथे रंग नको. वरच्या चार बोटांवर काय ते करायचं, आणि शेवटी सगळ्या काठीला सुकणारं खाण्याचं तेल. इथे एगोमा नावाच्या बियांचं वापरतात, जवसाचंही चालतं. जवसाचं म्हटल्यावर बाबांना माझ्या भावाची क्रिकेटची बॅट आठवली. मला आठवली ती सूचना, की तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्यात टाकू नये, तो आपला आपण तापून पेटू शकतो. तो मी पाण्यात बुडवला. बाबांना ते अति वाटलं.

वरच्या चार बोटांवर काय काढावं? माझ्याकडे लाकूड जाळून रेघा ओढायचा विजेचा पेन होता. मी वेल काढायला घेतली, ती गोगलगाईसारखी झाली. बाबांनी पेन मागून घेतला आणि ठिपके द्यायला सुरुवात केली. टक, टक, टक. "आपण भांड्यांवर नाव घालतो तसं," ते म्हणाले.

आणि मला एकदम माझ्या ओट्यावरचा डबा दिसला. आईचा, तिने मला निघताना दिलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'चि. सौ. कां. हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, आत्याकडून, १४-५-८१'. जपानी घरात प्रत्येकाची चॉपस्टिक वेगळी, भाताचं बाऊलही वेगळं. बापाची काठी मुलगा घेत नाही. इथे आल्यावर मला ते फार तुटक वाटलं होतं. पण आपल्या भांड्यांवर तरी कोणाचं नाव असतं? देणाऱ्याचं. नाहीतर वास्तुशांतीचं, नाहीतर गेलेल्या माणसाचं. ज्याच्या पुढ्यात ताट येतं त्याचं नाव त्यावर क्वचितच. आजोबांचं चांदीचं फुलपात्र तेवढं त्यांचं होतं. बाबा सत्तर वर्षं आधी आजीनं, मग आईनं वाढलेल्या हाती लागेल त्या ताटात जेवले.

म्हणून म्हटलं, तुमचं नाव घाला. मान खाली घालून त्यांनी अर्धा तास ठिपके दिले आणि काठ्या माझ्यापुढे धरल्या. एकीवर 'कन्येकडून, तो', जागा संपली म्हणून दुसरीवर 'क्यो, २३-६-२४'. स्वतःचं नाव नव्हतंच.

रात्री भात होता. बाबांनी वाटीभर भातात दोन्ही काठ्या उभ्या खोचल्या आणि फोटो काढ म्हणाले. मी झडप घालून त्या उपटल्या. मृतापुढे ठेवतात त्या भातात अशा उभ्या काठ्या असतात, एरवी तसं करणं अगदी वर्ज्य. मला वाटलं, आता वाद होईल. पण त्यांनी शांतपणे मान हलवली, "पिंडासारखं." मग स्वतःहून काठ्या आडव्या ठेवल्या. उरलेला आठवडा त्यांनी भात चमच्याने आणि सांगलीहून आणलेलं भडंग चॉपस्टिकने खाल्लं. एकेक कुरमुरा, एकेक शेंगदाणा. बोटं तेलकट होत नाहीत म्हणे. इथले लोक बटाट्याचे वेफर्स तसे खातात, त्यामुळे मला हसता येईना.

त्या काठ्या आता सांगलीत आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर आई कुरडया तळत होती आणि तिच्या हातात ओळखीचं काहीतरी दिसलं. कढईत फुलणारी कुरडई तिनं एका काठीनं दाबली, दुसरीनं उलटवली. टोकं तपकिरी झाली होती. बाबा मागे पेपर वाचत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

"छान आहेत गं," आई म्हणाली, "पण आखूड पडतात, हाताला झळ लागते. पुढच्या वेळी अजून टीचभर वाढव."