दशमीची केळी

आषाढीला सगळ्यांचे डोळे पंढरीकडे लागतात. आमच्या निफाडकडच्या दिंड्यांची पायपीट मात्र थंडीतली. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. २०२४ ला ती एकादशी ६ फेब्रुवारीला आली होती.

त्या वर्षी टाळ वाजत होते, पण दोन अभंगांच्या मधे बोलणं एकच. आदल्या वर्षीच्या २६ नोव्हेंबरच्या गारपिटीनं द्राक्षबागा झोडपल्या होत्या, मणी तडकले होते. निदान कांदा तरी हात देईल म्हणावं, तर ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली आणि लासलगावचे भाव बसले. माझं मनात पक्कं झालं होतं: पुढच्या हंगामासाठी वेली छाटायची ती एप्रिलची खरड छाटणी करायचीच नाही, त्याआधी बाग तोडायची. मुलाला सांगायचा धीर नव्हता. आधी नाथांच्या कानावर घालू म्हटलं.

चांदोरी, ओढा, शिलापूर मागे पडलं. पंचवटीत गोदावरीत पाय बुडवले. सातपूरला कारखान्यांच्या रस्त्यावर धूर आणि हॉर्न यांच्यातून हरिपाठ म्हणणं म्हणजे घशाची परीक्षाच.

दशमीला महिरावणी ओलांडली आणि समोर अंजनेरीचा डोंगर दिसायला लागला. रस्त्याकडेला एक शाळा होती. फाटकाशी पोरं उभी, हातात केळी. मी जरा आखडलोच. पोरांना उन्हात रांगेत उभं करून वारकऱ्यांना फुलं द्यायला लावायची, मोबाइलवर फोटो काढायचे, असले मोठ्यांचे सोहळे मला आवडत नाहीत. पण इथं फोटो काढणारं कुणी नव्हतं. बाई आत फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या.

केळी चांगलीच पिकलेली, सालीवर काळे ठिपके. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं माझ्यापुढं एक धरलं. "माऊली, घ्या. उद्या एकादशी ना, उपासाला चालतं."

"तू कुठनं आणलंस?"

"शाळेत मिळतं. शुक्रवारचं ठेवलंय."

मग उलगडा झाला. त्याच हिवाळ्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, नाहीतर केळं द्यायला सुरुवात झाली होती. आठवड्याचं ते एक केळं या पोरांनी दप्तरात, कोनाड्यात तीन दिवस सांभाळलं होतं. घरी धाकटी भावंडं असताना! शेजारच्या पोरानं तर अर्धंच पुढं केलं, साल नीट दुमडून. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते त्याच्या ओठांवर दिसत होतं.

आमचे विणेकरी अडले. लेकरांच्या तोंडचं कसं घ्यायचं? ते खिशातून दहाची नोट काढायला लागले, तर ती मुलगी मागं सरली. "पैसे नकोत. सालं रस्त्यावर टाकू नका, गाई घसरतात." दिंडीत दिवसभरात पहिल्यांदा सगळे मोठ्यानं हसले. विणेकऱ्यांनी नोट खिशात घातली आणि केळं कपाळाला लावलं.

तिनं मला विचारलं, "तुमच्याकडं काय पिकतं?"

"द्राक्षं," म्हणालो. गारपिटीचं सांगणार होतो, जीभ रेटली नाही.

"मी खाल्लीत," ती म्हणाली, "जत्रेत. चार."

रात्री कीर्तनात बुवांनी आळंदीच्या त्या चार पोरक्या भावंडांची कथा लावली. वाघाला पाहून पळालेला निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरतो, तो प्रसंग मी लहानपणापासून ऐकतोय. बुवा गुहेचं वर्णन रंगवत होते; मला राहून राहून वाटत होतं, ही भावंडं भिक्षा मागत फिरली तेव्हा यांना वाढणाऱ्यांत कुणाची पोरं असतील का?

एकादशीला दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहिलो. केळं पिशवीत मऊ होऊन गेलं होतं, तसंच खाल्लं. साल परत पिशवीत. समाधीपुढं पोचलो तेव्हा बागेची गोष्ट काही निघाली नाही. बाहेर येऊन मुलाला फोन लावला.

"आपल्या टेम्पोवाल्याला नाशिकचं भाडं कधी आहे?"

"परवा. का?"

"दोन क्रेट बाजूला काढ. महिरावणीच्या पुढं शाळा आहे, तिथं उतरवायला सांग. तडकलेला मणी एक नको."

"चांगले घड निघतायत किती, माहितीये ना बाबा?"

"माहितीये. त्यातलेच काढ."