दुधाच्या बिलातून पायथन

प्रोग्रॅमिंगची बहुतेक पुस्तके आणि व्हिडिओ पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ छापण्यापासून सुरू होतात. ते छापून होते आणि मग नवखा माणूस पुढे काय करावे या विचारात अडकतो. करवीर तालुक्यातील एका गावच्या दूध संस्थेचा सचिव म्हणून काम करीत असताना मी पायथन ही भाषा शिकायला घेतली, आणि तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की सुरुवात नेहमी स्वतःला हाताने बिनचूक करता येणाऱ्या हिशेबापासून करावी. उत्तर आधीच ठाऊक असेल, तर प्रोग्रॅमने दिलेला आकडा खरा की खोटा हे कोणाला विचारावे लागत नाही.

माझ्या बाबतीत तो हिशेब दुधाच्या बिलाचा होता. दुधाचा दर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (फॅट वगळून दुधात उरणारे घन पदार्थ) यांच्या टक्केवारीवर ठरतो. म्हशीच्या दुधासाठी ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, तर गाईच्या दुधासाठी ३.५ आणि ८.५ हा पाया धरून दर जाहीर होतो आणि त्याच्या वर किंवा खाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, पैसे वाढतात अथवा कमी होतात. सकाळ आणि संध्याकाळ मिळून एका सभासदाच्या दहा दिवसांत वीस नोंदी होतात, आणि त्यांची बेरीज म्हणजे त्याचे बिल.

माझी भाची कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे. तिने मला लॅपटॉपला हातच लावू दिला नाही. “मामा, आधी तोंडानं सांगा, बिल कसं काढता?” मी म्हणालो, “लिटर गुणिले दर.” “दर कुठनं आला?” “फॅट बघून.” “फॅट सहाच्या खाली गेलं तर? आणि दूध गाईचं असलं तर?” या प्रश्नांना उत्तरे देता देता माझ्या लक्षात आले की दराच्या चार्टकडे पाहून मी क्षणात जो आकडा लिहितो, त्यामागे चार-पाच निर्णय दडलेले असतात आणि ते मी कधीच शब्दांत मांडलेले नाहीत. लिटर, फॅट आणि दर या आकड्यांना नावे देऊन ठेवणे म्हणजे व्हेरिएबल. ‘गाईचे असेल तर हा पाया, नसेल तर तो’ हा निर्णय म्हणजे इफ आणि एल्स. वीस नोंदींवर तेच काम पुन्हा पुन्हा करणे म्हणजे लूप. पायाभूत प्रोग्रॅमिंगचा मोठा भाग एवढ्यातच येतो, आणि तो मला वहीच्या एका पानावर मांडता आला.

खरी गंमत टंकलेखन सुरू झाल्यावर आहे. इनपुट या आज्ञेने घेतलेली कोणतीही गोष्ट पायथनच्या दृष्टीने मजकूर असते, त्यामुळे सकाळचे ५ आणि संध्याकाळचे ५ लिटर यांची बेरीज १० न येता ५५ येते. फ्लोट या आज्ञेने त्याची संख्या करून घ्यावी लागते. लूपला तारखा मोजून देणाऱ्या रेंज या आज्ञेत १ आणि ११ लिहिले की मोजणी १० वर थांबते, कारण शेवटचा आकडा धरला जात नाही. महिन्यातल्या पहिल्या दोन, दहा-दहा दिवसांच्या बिलांना हे सोपे जाते, पण २१ तारखेपासूनचे बिल महिन्यानुसार आठ, नऊ, दहा किंवा अकरा दिवसांचे असते, म्हणून महिन्याची शेवटची तारीख काढून तिच्यात एक मिळवावा लागतो.

पैशांच्या हिशेबात मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते. दशमान पद्धतीत १ भागिले ३ लिहिताना जसे तीन संपत नाहीत, तसेच कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत ०.१ पूर्ण लिहिता येत नाही. त्याहून अडचणीची बाब राउंड या आज्ञेची आहे. ती ६२.५ चे ६२ करते आणि ६३.५ चे ६४, म्हणजे नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जाते. पुष्कळ आकड्यांच्या बेरजेत सगळे अर्धे एकाच बाजूला झुकू नयेत हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण अर्धा आला की वर न्यावा असे शाळेत शिकलेला सभासद बिल घेऊन दारात उभा राहिला, की हे त्याला समजावणे कठीण. यावर उपाय म्हणून डेसिमल हे मोड्यूल (तयार आज्ञांचा संच) वापरावे आणि त्याला आकडा अवतरण चिन्हांत, मजकूर म्हणून द्यावा. फ्लोटने केलेली संख्या दिली तर जुनाच दोष आत शिरतो. अर्धा वर न्यायचा की नाही, हेही त्यात आपल्याला ठरवता येते.

मराठीचे काय, असे मला अनेकांनी विचारले. व्हेरिएबलला ‘लिटर’ किंवा ‘दर’ असे देवनागरी नाव देता येते. देवनागरीत टंकलेले ‘६.५’ इनपुटमधून आले, तर फ्लोट ते निमूटपणे स्वीकारते. तोच आकडा देवनागरीत थेट प्रोग्रॅममध्ये लिहिला, तर सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक, येतो. ‘कोल्हापूर’ या शब्दाची लांबी विचारली, तर पायथन ९ सांगते, कारण युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) काना, मात्रा, ऊकार आणि ल चा पाय मोडणारे चिन्ह हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. याचा परिणाम असा, की सभासदांची नावे रकान्यात सरळ बसवायला गेल्यास ओळी वेड्यावाकड्या होतात. यादी पायथनकडून वर्णानुक्रमे लावून घेतली, तर ळ हा ह नंतर न येता ल नंतर लगेच बसतो. आमच्या यादीत ळ ने सुरू होणारे नाव अर्थातच नाही, पण ‘माळी’ आणि ‘माहुलकर’ यांच्यात फरक पडतोच.

त्रुटीचा संदेश आला की नवखा माणूस घाबरून पडदा पुसतो. तो शेवटच्या ओळीपासून वर वाचावा. शेवटची ओळ नेमएरर, टाइपएरर वगैरे प्रकार सांगते आणि तिच्या वर ओळीचा क्रमांक असतो. इफ किंवा फॉर (लूपची आज्ञा) असलेल्या ओळीच्या शेवटी कोलन आणि पुढच्या ओळीला चार मोकळ्या जागा, एवढे पाळले तरी सुरुवातीच्या बऱ्याच तक्रारी मिटतात. प्रिंट या पडद्यावर छापणाऱ्या आज्ञेनंतर कंस नसलेले धडे दिसले, तर ते पायथन २ चे समजून सोडून द्यावेत. पायथन ३ हे २००८ मध्ये आले आणि २ ची देखभाल २०२० च्या आरंभी बंद झाली.

सध्या मी नोंदी एकेक टंकण्याऐवजी सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांच्या साध्या फाइलमधून) वाचायला शिकत आहे. प्रोग्रॅमचे बिल आणि हाताने काढलेले बिल मी अजून शेजारी ठेवून ताडतो, आणि चेअरमनांच्या सहीसाठी जाते ते हाताचेच.