तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना शिकवता आणि हा सिनेमा?

प्राथमिक शाळेत शिकवते म्हणून सांगितलं आणि पाठोपाठ आवडता सिनेमा सांगितला, की प्रश्न ठरलेला. ‘बाई, मुलांनी माणसं मारलेली तुम्हाला बघवतात तरी कशी?’ स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. विचारणाऱ्याने माझ्या हाताखालच्या मुलांची काळजी वाटल्यासारखा चेहरा केला की मला राग येतो, हे आधीच सांगते.

सिनेमा स्पॅनिश, 1976चा. ‘किएन पुएदे मातार आ उन निन्यो?’, म्हणजे लहान मुलाला कोण मारू शकेल? दिग्दर्शक नार्सिसो इबान्येझ सेरादोर. इंग्रज नवरा आणि त्याची गरोदर बायको एका बेटावर जातात. तिथे मोठं माणूस दिसत नाही, नुसती मुलं. अंधार, वादळ, जुना वाडा असलं काही नाही. रणरणतं ऊन, पांढऱ्या भिंती आणि मुलांचं खिदळणं. दहीहंडीसारखं काहीतरी उंच टांगून मुलं खेळतायत असं वाटतं, आणि तिथे एक म्हातारा उलटा लटकतोय.

पण मी परत परत बघते ते दुसरंच. बेटावरचा एक माणूस लपून वाचलेला असतो. मुलं रात्री हसत-खेळत घरोघर कशी शिरली, हे तो या जोडप्याला सांगतो. कुणीच प्रतिकार केला नाही, कारण मुलावर हात कोण उगारणार? एवढ्यात त्याची लहान मुलगी रडत येते. मावशी आजारी आहे, चला म्हणते. त्याला सगळं ठाऊक असतं, आत्ताच त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असतं. तरी तो तिचा हात धरून निघतो. वळणापलीकडे बाकीची मुलं असतात.

मला विचाराल तर हा सिनेमा दुष्ट मुलांचा नाहीच, या बापाचा आहे. रडत आलेल्या मुलाचा हात मीही झटकू शकणार नाही. ते माझ्या नोकरीत बसत नाही आणि रक्तातही नाही. म्हणून तो प्रसंग मला इतका लागतो. यात मुलांचा तिरस्कार कुठे आला?

इथवर मी कुणाशीही भांडू शकते. पुढचं अवघड आहे.

सिनेमा सुरू होतो तो खऱ्या चित्रफितींनी. आउशविट्झची नाझी छळछावणी, कोरिया, व्हिएतनाम, नायजेरियातलं बियाफ्रा, आपल्या उपखंडातला रक्तपातही. पोट खपाटीला गेलेली, जळालेली, मेलेली खरी मुलं. आणि त्यावर एका पोराचं गुणगुणणं. एकदा घरी आम्ही काहीजणी हा सिनेमा बघत होतो. माझी एक जुनी मैत्रीण मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. कथा सुरू व्हायच्या आधीच ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती.

‘अगं, ही पोरं खरोखर मेलीत. भीतीच्या सिनेमाआधी आम्हाला दाखवा, असं त्यांच्या आईबापांनी सांगितलं होतं का कुणाला?’

मी म्हटलं, तेच तर म्हणायचंय त्याला. मोठ्यांच्या लढायांत मरतात ती मुलंच.

‘ते म्हणायला खरी प्रेतं कशाला लागतात? तुझ्या वर्गातल्या एखाद्याचं असं चित्र तू लावू दिलं असतंस?’

नसतं दिलं. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. आवाज चढवून इतिहास, युद्ध, साक्ष असलं बरंच बोलले. बाहेर सिनेमा चालूच होता. तिने ओढणी सावरली, चपला घातल्या आणि गेली. आमचं येणंजाणं आहे, बोलणंही आहे. या विषयावर मात्र ती बोलत नाही, मीही काढत नाही.

गंमत नाही, पण पूर्वी मी तिच्याच बाजूची होते. सुरुवात कापलेली प्रतही या सिनेमाची फिरली आहे, आणि तीच खरी, असं मी छातीठोकपणे सांगायचे. भीतीला कारण चिकटवलं की ती पातळ होते, असं माझं तेव्हाचं म्हणणं. आता त्या मतावर माझे आक्षेप आहेत. हुआन होसे प्लान्सच्या मूळ कादंबरीत मुलं बिघडतात ती एका पिवळ्या परागामुळे. सेरादोरने तो पराग काढून टाकला आणि त्या जागी आपल्याच शतकाचा हिशेब ठेवला. हुकूमशहा फ्रँको मरून पुरतं वर्षही झालं नव्हतं, त्या स्पेनमध्ये. ती सुरुवात उडवली तर मुलं नुसती राक्षस उरतात, आणि मग तुमचा प्रश्न बरोबर ठरतो.

पण सुरुवातीलाच का? ही दृश्यं शेवटी ठेवायला हवी होती, असं पुढे खुद्द दिग्दर्शकाचंही मत झालं. मला ते पटत नाही. शेवटी आली असती तर ती समजावून सांगितल्यासारखी वाटली असती. आधी येतात म्हणून तो बाप मुलीचा हात धरतो तेव्हा ती मेलेली मुलं आपल्या डोळ्यांसमोर असतात. यावर मैत्रीण काय म्हणेल तेही मला माहीत आहे : तेवढ्यासाठी वापरलीत ना त्यांना?

हो, वापरली. सिनेमा मला तरीही आवडतो, आणि कुणी मागितला तर मी अख्खाच दाखवते. समोर लहान मुलांची आई बसलेली असेल तर सुरुवातीला काय आहे ते आधी सांगते.