वंशावळीची वही, सहावा महिना : एक पणजी जास्तीची निघाली

सहा महिन्यांपूर्वी सुरुवात केली तेव्हा आजोबांच्या पुढचं एकही नाव मला ठाऊक नव्हतं. आज वही खापरपणजोबांपर्यंत पोचली आहे. पण या महिन्यात वर चढणं झालंच नाही, पणजोबांपाशीच अडकलो, आणि आजवरच्या शोधात इतकं मोलाचं दुसरं काही हाती लागलेलं नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी वाट थोडक्यात सांगतो. आधी घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस गाठा, कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. मग गावच्या सातबाऱ्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) यांचे क्रमांक उतरवून घ्या आणि मागं मागं जात वारस नोंदीचा फेरफार काढा. त्यात मुलगे मिळतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली सहसा सापडत नाहीत, त्यामुळे आत्या-पणजीआत्यांसाठी माणसांनाच विचारावं लागतं.

बायकांची नावं मात्र आडवाटेनं सापडतात. पणजोबा गेले 1938 साली. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे, म्हणून वारस फेरफारात त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि पुढे पणजीचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे इथे अल्पवयीन. घरात जिला सगळे नुसतं ‘आई’ म्हणत, तिचं नाव मला असं तलाठ्याच्या अक्षरात भेटलं.

मग तहसिलातल्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक पाहायला गेलो. म्हणजे तेव्हाचा गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव बहुतेक नसतंच, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी, एवढंच. नोंदी मोडी लिपीत. ओळ आधी आखून अक्षरं तिला टांगलेली, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. मी अजून अडखळत वाचतो, पण ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे दोन शब्द डोळ्यांत बसले की पान उलगडायला लागतं.

1918 ची पानं उलटताना हात जड झाला. एरवी महिन्याला दोन-चार मृत्यू, आणि ऑक्टोबरमध्ये पानामागून पान, कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली पुन्हा ‘ताप’. इन्फ्लूएन्झाची ती मोठी लाट. त्यातच एक ओळ : बाईचं नाव, कोम, आणि पुढे माझे पणजोबा. वय 22.

नाव पणजीचं नव्हतं. शिवाय पणजी तर माझ्या आत्याला चांगली आठवते.

आमच्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एका नावाचे दोघे-तिघे एकाच वेळी भावकीत असतात. म्हणून ‘बिन’ पुढचं नाव जुळतं का ते दोनदा ताडून पाहिलं. जुळत होतं. तरी खात्री होईना.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मी नोंद वाचून दाखवली तशी ती उठली आणि कपाटातून एक डबी घेऊन आली. आत चांदीचा टाक, नखाएवढा, घासून घासून त्यावरच्या बाईचं नाकडोळं पुसट झालेलं. “आजीच्या गळ्यात असायचा हा, पोतीत ओवलेला. मी विचारलं की म्हणायची, थोरलीचा आहे.” सवतीचा टाक. दुसरेपणावर आलेली बायको पहिलीच्या नावानं गळ्यात घालते तो. भाद्रपदातल्या अविधवा नवमीला आमच्याकडे सवाष्ण जेवते ती कुणाच्या नावानं, हेही त्या दुपारी कळलं. थोरली एवढंच माहीत होतं, नाव कुणालाच नव्हतं.

वहीत पणजोबांशेजारी आता दोन चौकोन आहेत. थोरलीच्या चौकोनात नाव, वय, साल आहे, माहेर मात्र कोरं.

पुढची फेरी नाशिकची. रामकुंडावरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गावाची नामावळ आहे. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तिन्ही पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, त्यामुळे तिथे बायकांचे धागे मिळण्याची आशा जास्त. आत्यानं निघायच्या आधी बजावून ठेवलंय, “अरे, नवमीच्या आत जाऊन ये. या वर्षी पान नावानं वाढायचंय.”