‘मूळ लेखक’ या रकान्यापाशी अडकलेली केलिंगची कथा

मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या कुचिंगला मी ध्वनिसंकलनाचे काम करतो. बोर्निओतल्या दायक समाजांपैकी इबान लोकांमध्ये केलिंग हा वीर नायक आणि त्याची पत्नी कुमांग यांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितल्या जातात. त्यांवर श्राव्यमालिका करायचे आम्ही ठरवले, तेव्हा बतांग आय नदीच्या काठच्या लाँगहाउसमध्ये, म्हणजे अनेक कुटुंबांच्या एका लांबलचक सामाईक घरात, जाऊन ध्वनिमुद्रण करणे हेच अवघड जाईल असे वाटले होते. ते सहज पार पडले. अडलो तो अनुदानाच्या अर्जापाशी, आणि त्यातही एका रकान्यापाशी: ‘मूळ लेखकाचे नाव, जन्मवर्ष व मृत्युवर्ष’.

रकाना रिकामा ठेवला, अर्ज परत आला. ‘पारंपरिक’ असे लिहिले, तरी परत आला. लाँगहाउसच्या प्रमुखांचे, म्हणजे तुआई रुमाहचे, नाव घातले, तर त्यांनी ही कथा कोणत्या साली लिहिली अशी विचारणा झाली. मलेशियात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणून साल हवे, हे मला कळत होते. पण जात्यावरच्या ओवीची कवयित्री कोण, असे कुणी माझ्या आजीला विचारले असते, तर तिने दळण थांबवून त्याच्याकडे नुसते पाहिले असते. खिडकीपलीकडचे गृहस्थ दर वेळी अत्यंत सौजन्याने नकार देत, त्यामुळे नीट चिडताही येत नसे. यात अकरा आठवडे गेले.

वाट दाखवली ती कथा सांगणाऱ्या आजोबांनी, ज्यांना आम्ही ‘आकी’ म्हणतो. रुआईत, म्हणजे सामाईक ओसरीवर, चटईवर बसून त्यांनी अर्ज ऐकून घेतला आणि विचारले, “कथा माझी नाही, पण आवाज तर माझा आहे ना?” त्यावरून आम्ही दोन कागद वेगळे केले: कथेसाठी प्रत्येक बिलिकमधल्या, म्हणजे प्रत्येक घरातल्या, प्रमुखाच्या सहीचे संमतिपत्र आणि सादरीकरणासाठी आकींशी मानधनाचा करार. अर्ज मंजूर झाला. संमतिपत्र इबान भाषेतच करावे आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

हे आधीच सांगायला हवे होते: १ जूनच्या गवाय दायक सणाच्या आसपास कामासाठी जाऊ नये; घर माणसांनी भरलेले असते, पण तुआकच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, पेल्यांपुढे ध्वनिमुद्रण होत नाही. आणि विधीत गायची तिमांग ध्वनिमुद्रित करायला मिळेलच असे गृहीत धरू नये. मी ती मागितली, तेव्हा गायकाने माइकवर तळहात ठेवला. अर्जातल्या यादीत मात्र मी तिचे नाव घालून बसलो होतो. ते वगळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि ‘मूळ लेखक’ हा रकाना त्यातही आहे.