आई, चेंडू आणि कपाट

आज १९७९ सालचा 'प्रायव्हेट कलेक्शन्स' हा फ्रेंच चित्रपट सलग पाहिला. तीन दिग्दर्शक, तीन स्वतंत्र कथा आणि त्यांना जोडणारे सूत्र एकच, शृंगार. १९७४ मध्ये 'इमॅन्युएल'ला अफाट यश मिळाल्यापासून अशा चित्रपटांचा गल्ला हमखास ठरला होता, आणि त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक ज्यूस्त जेकँ इथेही आहेत. बेटावर अडकलेल्या खलाशाची त्यांची गोष्ट देखणी आहे; त्यापलीकडे तिच्याविषयी लिहावे असे काही नाही.

मन गुंतले ते उरलेल्या दोघांत. शुजी तेरायामा म्हणजे १९६७ मध्ये टोकियोत 'तेंजो साजिकी' ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभारणारे कवी, तर वालेरियन बोरोव्चिक हे पोलंडमध्ये चित्रकला शिकून पुढे पॅरिसला स्थायिक झालेले. दोघांकडे मागणी झाली शृंगारकथेची, आणि दोघांनीही सांगितली ती आई आणि मुलाची गोष्ट.

तेरायामांचा भाग सुमारे ४० मिनिटांचा आहे. लहानपणी आई चेंडूच्या खेळात म्हणायची त्या गाण्याचे शब्द एक तरुण शोधत हिंडतो. किमोनोवर बांधायचा लांबलचक ओबी वाळूवर दूरवर पसरलेला दिसतो आणि त्याच्या मागे मागे आपलीही नजर ओढली जाते. कोठारातली वेडी बाई त्या पोराला आत बोलावते, तेव्हा वासना आणि आईचा धाक एकाच उंबरठ्यावर उभे असतात.

बोरोव्चिक यांनी फ्रेंच कथाकार मोपासाँची कथा घेतली. एक गृहस्थ वेश्येच्या खोलीवर रात्र काढायला जातो, अंधारात कसलासा आवाज येतो आणि कपाट उघडावे तर आत खुर्चीवर बसून झोपी गेलेले, पडून घाबरलेले तिचे लहान पोर. यान लेनित्सा यांच्यासह १९५८ मध्ये केलेल्या 'डोम' या लघुपटात ज्यांनी टेबलावरच्या केसांच्या टोपालाही जिवंत करून खायला लावले, त्या दिग्दर्शकाला हे कपाट खुणावले नसते तरच नवल.

तेरायामांचे १९८३ मध्ये निधन झाले. त्यांचा भाग आता बहुधा सुटा लघुपट म्हणूनच पाहिला जातो. मला मात्र तो या कपाटाशेजारीच पाहावासा वाटतो, कारण एकीकडे आईचा आवाज हरवलेला मुलगा आहे आणि दुसरीकडे, नको असतानाही तिचा सगळा व्यवहार ऐकत बसलेला.